एकच डाग, दोन ठिकाणी

१

खडूच्या भुकटीचा तो डाग कानाच्या पाळीसारखा वळलेला होता, आणि फोटोत तो दोन ठिकाणी होता. एक डावीकडच्या मॅटच्या कोपऱ्यात, दुसरा बरोबर मधोमध, हवेत झेपावलेल्या मुलीच्या खाली. तोच बाक, तीच शेपटी, शेपटीजवळ तोच तुटका ठिपका. डावीकडचा पांढरा, मधला किंचित निळसर. रंगाचं तिला नवल वाटलं नाही. त्या हॉलच्या दिव्यांखाली एकाच भिंतीचे चार रंग होतात. पण कुणाचाही पाय दोनदा हुबेहूब सारखा डाग पाडत नाही.

तिने खुर्ची मागे सरकवली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. डाग जिथल्या तिथे होते.

ऑफिसात तिला सगळे गाळणी म्हणत. तिचा थोरला भाऊ, दादा, खेळांचे फोटो काढायचा आणि ती ते साफ करायची. बंदिस्त हॉलमधल्या खेळांचे फोटो म्हणजे डोक्याला ताप. उजेड कमी, खेळाडू विजेसारखे, त्यामुळे फोटोला दाणे येतात आणि दिव्यांच्या लुकलुकीने पिवळे पट्टे पडतात. गाळणी ते दाणे गाळायची, पट्टे पुसायची, रंग जागेवर आणायची. तिचा एकच नियम होता. उजेडाची चूक दुरुस्त करायची, घडलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही.

आणि इथे कुणीतरी हात लावला होता.

फोटो साधासुधा नव्हता. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत 'खार' म्हणून ओळखली जाणारी मुलगी दांडीवरून उडी घेऊन उतरताना पडली, आणि तिचा गुडघा निकामी झाला. त्या क्षणाचा हा एकमेव फोटो. त्यात दोन्ही मॅट एकमेकींना चिकटून दिसत होत्या, म्हणून चौकशी समितीने प्राथमिक मत दिलं होतं की मॅट जागेवर होत्या, मुलीचंच लक्ष नव्हतं. समितीला दप्तरी ठेवायला मोठी प्रत हवी होती. फोटो मोठा करताना गाळणीला डाग दिसला.

दादा शेजारच्या खोलीत कॅमेऱ्याची भिंगं पुसत बसला होता.

"दादा, खारच्या फोटोची मूळ फाइल कुठाय?"

"नाही का सांगितलं तुला, कार्ड खराब झालं होतं म्हणून? तिच्या उडीचा एवढा एकच वाचला. त्याचंही मूळ नंतर उघडेना, तेव्हा काढून टाकलं."

"त्यात कुणीतरी मॅट चिकटवलीय. दोन मॅटच्या मधली जागा झाकलीय."

दादाचा हात थांबला. "तूच केलं असशील हातासरशी. त्या दिवशी ढिगाने फोटो होते तुझ्यापुढे."

"मी पायाखालचं काही पुसत नाही. तूच शिकवलंयस मला."

दादाने भिंग उजेडात धरलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "मग सोड ना आता. झालं ते झालं. कशाला खाजवून खरूज काढतेस?"

गाळणीने मोठी प्रत काढली, गुंडाळी केली आणि थेट समितीचं ऑफिस गाठलं.

२

समितीच्या अध्यक्षबाई जुन्या वकील होत्या. त्यांनी दोन्ही डाग भिंगाखाली पाहिले आणि ओठ घट्ट मिटले.

"म्हणजे मॅटमध्ये फट होती."

"होती असं वाटतंय."

"वाटतंय नाही, बाई. फट नसती तर झाकली कुणी असती? मुलीची चूक नव्हती, चूक मॅट लावणाऱ्याची." त्यांनी फोन उचलला. "त्या मॅटवाल्याला आजपासून कामावर घेऊ नका म्हणावं."

"मॅडम, थांबा! त्यांना साधा फोन धड चालवता येत नाही, फोटो कसा बदलतील?"

"करवून घेतला असेल. फायदा कुणाचा झाला ते आधी बघायचं असतं."

 गाळणी एका निरपराध मुलीची बाजू घ्यायला आली होती आणि बोलता बोलता दुसऱ्याच्याच गळ्यात दोर अडकवून बसली होती.

"फोटो माझ्या हाताखालून गेलाय," ती म्हणाली. "तो कुणी बदलला ते मीच शोधून काढते. पुढच्या बैठकीपर्यंत वेळ द्या."

अध्यक्षबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "आणि तुमच्याच ऑफिसातलं कुणी निघालं तर?"

"तर त्याचं नाव सांगेन."

असं म्हणून ती उठली आणि जिना उतरली. 

३

हॉल रिकामा होता. मॅटवाले काका पायरीवर बसले होते, हातात किल्ल्यांचा जुडगा. तो आज परत करायचा होता.

"ताई, मी चिकटवूनच ठेवल्या होत्या," ते म्हणाले. "दोन मॅटच्या मधे बोट जाणार नाही अशा. पोरी पडतात तिथे, मला कळत नाही का?"

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"सरावाच्या आधी. सराव झाल्यावर पुन्हा बघणार होतो, पण परीक्षक येऊन बसले. एकदा ते बसले की मी दोरीच्या आत जायचं नाही, असा नियम आहे."

"मग आत कोण होतं?"

"पोरी, त्यांचे सर, आणि तुमचे दादा. फोटोवाल्यांना मुभा असते."

खारचे सर आतल्या खोलीत भेटले. उंच, ताठ माणूस, पण त्या दिवसापासून खांदे उतरले होते. मुलींच्या उड्यांचे व्हिडिओ ते स्वतः संगणकावर कापत, जोडत, त्यावर रेघा ओढून चुका दाखवत. फोटो बदलणं त्यांना जड नव्हतं.

"तुम्ही आमच्या ऑफिसात आला होतात, सर. माझ्या मशीनवर बसला होतात."

"हॉलमध्ये लावायला फोटो निवडायचे होते. हॉलच्या व्यवस्थापकबाई होत्या की सोबत. तुम्ही जेवायला गेला होतात." मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "तुमचा माझ्यावर संशय आहे?"

"फोटोत फट दिसली असती तर, मुलगी दांडीवर चढायच्या आधी ती का पाहिली नाही, असं तुम्हाला विचारलं असतं."

"विचारा की! मीच रोज स्वतःला विचारतोय." त्यांनी टेबलावर मूठ आपटली, पण जोर नव्हता. "माझं लक्ष तिच्या हातांवर होतं. ती पडली, आणि सगळ्यांत आधी धावला तो तुमचा दादा. माझ्याही आधी. मॅट सारली, वाकला, तिला मोकळं केलं. भला माणूस. मी तर खांबासारखा उभा होतो."

व्यवस्थापकबाईंनी तिला बसाही म्हटलं नाही. "मी आणि फोटो बदलणार? माझ्याकडे जाहिरातीचे फलक करणारी दोन माणसं आहेत, ती पण उशीर करतात. तुमच्या मशीनसमोर त्या दिवशी सर बसले होते, मी मागे उभी राहून फोनवर बोलत होते. मी एवढंच सांगते, आमच्या हॉलचं नाव खराब झालं तर तुमच्या दादाला इथे पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही."

"फोटो समितीकडे कुणी पाठवला?"

"तुमच्याच ऑफिसातून आला. मी नुसता पुढे ढकलला."

बाहेर पडताना गाळणीने मनात जुळवाजुळव केली. सरांना येत होतं आणि संधीही होती. बाईंना गरज होती. काकांचा फायदा होता. तिघांकडेही बोट दाखवता येत होतं, आणि म्हणूनच एकाकडेही दाखवता येत नव्हतं.

एकाच माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं. जी पडली तिला.

४

खारचा पलंग खिडकीपाशी होता आणि तोंड भिंतीकडे. तिच्या आईने खुर्ची पुढे केली, हळूच म्हणाली, "ती बोलत नाही हल्ली. दांडीचं नावही काढू देत नाही. माझ्याच पायांनी मला फसवलं म्हणते."

"मला फोटोबद्दल विचारायचंय," गाळणी म्हणाली. "तुझी चूक काढायला नाही आले."

 भिंतीकडूनच आवाज आला. "सगळे म्हणतात लक्ष नव्हतं. खरंय ते. नव्हतं."

"कुठे होतं?"

"खाली." ती वळली. सोळा वर्षांचा, झोप न झालेला चेहरा. "दांडी सोडायच्या आधी मी खाली बघते, सगळ्याच बघतात. मला खाली लाल ठिपका दिसला. इवलासा. मी डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले पडताना डोक्याला मार लागला की असं काहीबाही आठवतं."

"कुठे होता ठिपका? मॅटवर?"

"नाही. मॅटवर नाही. मॅटच्या मधे." तिने दोन्ही तळहात शेजारी धरले आणि जरासे दूर केले. "असा. आणि मी तिथेच उतरले. एक पाय मॅटवर, एक पाय मधे गेला."

आईने डोळे पुसले. "हे तू मला का नाही सांगितलंस?"

"फोटोत फट नाहीये ना, आई! फोटोत नाहीये तर मी खोटीच ठरणार."

गाळणी उठली. जमिनीवर ठेवून दुरून फोटो काढता येणारा, चालू असताना बारीक लाल दिवा लावणारा एक छोटा डबा तिला ठाऊक होता. तो तिनेच कितीदा चार्ज केला होता.

५

ऑफिसात ती एकटीच होती. दादा बाहेर गेला होता. दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. तिने पडदा ओढला आणि फोटो उघडला.

आधी स्वतःची समजूत घालून पाहिली. लाल दिवे बऱ्याच वस्तूंना असतात. सरांना संधी होती. बाईंना गरज होती. ती डागांकडे बघत राहिली. एक पांढरा, एक निळसर.

निळसर का?

या प्रश्नावरून ती पहिल्यांदा घाईने पुढे सरकली होती. दिव्यांच्या माथी मारून मोकळी झाली होती. आता तिने तो प्रश्न हातात धरला आणि सोडला नाही.

त्या हॉलमधल्या दिव्यांची एक रांग लुकलुकते. वेगाने फोटो काढला की त्यात कुठेतरी तिरपा पिवळा पट्टा पडतो. तो पट्टा घालवायला गाळणी तेवढ्याच भागावर निळ्याचा पातळ हात फिरवायची. पिवळ्यावर निळं पडलं की मॅट पुन्हा आपल्या राखाडी रंगावर येते. या फोटोत पट्टा खालून, नेमका मधोमध गेला होता. निळा हात तिनेच फिरवला होता.

समजा, सरांनी किंवा बाईंनी तिच्या मशीनवर बसून फट झाकली. तोवर तिचं काम संपलं होतं, पिवळं निघून गेलं होतं. त्यांनी डावीकडची राखाडी मॅट उचलून मधे चिकटवली असती, तर ती तिथेही राखाडीच राहिली असती. दोन्ही डाग पांढरे दिसले असते.

पण मधला तुकडा निळसर होता. त्याच्या कडेची खरी मॅट राखाडी, आणि तुकडा तेवढा निळा. म्हणजे तुकड्यावर पिवळा पट्टा कधी पडलाच नव्हता, आणि तरी तिने तिथलं पिवळं काढलं होतं. पिवळं नसलेल्या जागेवर निळं चढवलं, तर निळंच उरणार.

म्हणजे तिने निळा हात फिरवला तेव्हा तुकडा आधीच तिथे होता.

फोटो तिच्या हातात आला तोच बदललेला आला होता. सर नाहीत, बाई नाहीत, काका नाहीत. कॅमेरा आणि तिचं टेबल यांच्यामधे एकच माणूस होता.

तिने अजून एक गोष्ट तपासली. तपासायची नव्हती, तरी तपासली. त्या दिवशीच्या सरावाचे काही फोटो अगदी खालून, जमिनीवरून काढलेले होते. वर झेपावणाऱ्या मुली, मागे छत. सगळ्यांनी त्यांची वाहवा केली होती. छापायला देताना तिने त्यांच्या कडा कापल्या होत्या. तिने न कापलेली प्रत उघडली. डाव्या कडेला राखाडी, धूसर भिंत. उजव्या कडेला तशीच दुसरी. दोन मॅटच्या कडा. कॅमेरा त्यांच्या मधोमध, लाकडी फरशीवर ठेवलेला होता.

काका म्हणाले होते, मधे बोटही जाणार नाही. कॅमेरा ठेवायला कुणीतरी मॅट सारली होती.

६

दादा-वहिनी खालच्या मजल्यावर राहत, गाळणी वर. ती खाली उतरली तेव्हा वहिनी चहा गाळत होती.

"तुझ्या दादाला सांग बाई काहीतरी," वहिनी म्हणाली. "जेवत नाही, बोलत नाही. तो छोटा कॅमेरा दुरुस्तीला टाकतो म्हणाला होता, तो कपाटात कपड्यांखाली ठेवलाय. मी हात लावला तर अंगावर आला."

दादा गॅलरीत बसला होता. गाळणीने दोन्ही फोटो त्याच्या मांडीवर ठेवले. 

त्याने निळसर डागाकडे पाहिलं. तिला वाटलं होतं तो नाकारेल, ओरडेल. तो नुसता म्हणाला, "पट्टा तिथूनच गेला होता होय."

"का केलंस, दादा?"

"वीतभरच सारली होती गं. सराव संपला की परत लावणार होतो. तेवढ्यात घंटा झाली, परीक्षक बसले, आणि पुढचीच मुलगी खार. म्हटलं, एवढा एक फोटो होऊ दे. अशी झेप दुसरी कुणी घेत नाही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तिचा पाय माझ्या कॅमेऱ्यावर पडला. मी धावलो ते तिला उचलायला नाही. आधी कॅमेरा उचलला, खिशात टाकला. मग तिला."

वहिनी चहाचा कप घेऊन दारात उभी होती. 

"घरी येऊन फोटो पाहिला. फट, फटीत कॅमेरा. मला बघवेना. फक्त मला बघवेना म्हणून मी ते झाकलं, शपथेवर सांगतो. मग समितीने तोच फोटो मागितला. तेव्हा बोलायला हवं होतं. एक दिवस गेला, मग दुसरा. मग म्हटलं, पोरीला कोण शिक्षा करणार आहे?"

"तिने स्वतःला केलीय. ती भिंतीकडे तोंड करून पडलीय, दादा. आणि आज काकांनी हॉलच्या किल्ल्या परत केल्या."



"उद्या बैठक आहे. तू सांगणार, की मी सांगू?"

"तू माझी बहीण आहेस."

"म्हणून तर आधी तुझ्याकडे आले."  "तू नाही आलास, तरी मी जाणार."

वहिनीने कप खाली ठेवला. आत गेली आणि कपड्यांखालचा छोटा कॅमेरा आणून नवऱ्यापुढे ठेवला. त्याची एक कड चेपली होती. "यातलं कार्ड आहे ना शाबूत?" तिने विचारलं.

दादाने मान हलवली. "दोन्ही कार्डं आहेत. मोठ्या कॅमेऱ्याचंही खराब झालं नव्हतं. फोटो पुसायला माझा हात धजला नाही."

"मग गाळणीकडे दे," वहिनी म्हणाली.

७

बैठकीत दादा उभा राहून बोलला.  त्याने काही झाकलं नाही. गाळणीने दोन्ही डाग पडद्यावर मोठे करून दाखवले, पट्टा कुठून गेला ते दाखवलं, आणि शेवटी मूळ फोटो. फट, फटीत काळा चौकोन, त्यावर झेप घेतलेली मुलगी.

 अध्यक्षबाईंनी काकांना आत बोलावलं आणि स्वतः उठून किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. "चूक माझी झाली," त्या म्हणाल्या. काकांनी किल्ल्या घेतल्या, पण दादाकडे पाहिलंही नाही.

दादाला हॉलमध्ये फोटो काढायला कायमची बंदी झाली. व्यवस्थापकबाईंनी पोलिसांत तक्रार दिली. ती अजून चालू आहे. ऑफिसच्या दारावरची पाटी त्याने स्वतःच उतरवायला घेतली, तेव्हा गाळणीने ती त्याच्या हातून काढून घेतली आणि परत ठोकली. काम ती चालवणार होती. त्या दोघांत पूर्वीसारखं बोलणं मात्र राहिलं नाही. जिन्यात भेटले की दादा बाजूला होऊन तिला वाट देई, आणि तेच तिला सगळ्यांत जास्त लागे.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी दादा खारच्या घरी गेला. एकट्याला जमेना, म्हणून गाळणी सोबत गेली. तो उंबऱ्यापाशीच थांबला.

"पोरी, तुझं पाऊल बरोबर पडलं होतं," तो म्हणाला. "जिथे पडायला हवं तिथेच. मॅट मी सारली होती."

खारच्या आईने काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. दादाने ते मान खाली घालून ऐकून घेतलं आणि तो गेला.

गाळणीने पाकीट उघडलं. आत मूळ फोटो होता, दाणे न गाळलेला, पिवळ्या पट्ट्यासकट. तिने त्यावर काहीही केलं नव्हतं. खारने तो दोन्ही हातांनी धरला. फटीकडे एकदा पाहिलं, पुरतं पाहून घेतलं, आणि मग नजर वर गेली. ताणलेली पावलं, जुळलेले गुडघे, मागे झुकलेलं डोकं. ती स्वतःला अशी कधी दिसली नव्हती.

"आई," ती म्हणाली, "सरांना फोन लाव."

"आत्ता? काय सांगू?"

"डॉक्टर काय म्हणतात ते मलाही ऐकायचंय म्हणावं. तुम्हा दोघांना त्यांनी सांगितलंय ते सगळं. पुन्हा चढता येणार नसेल तर तसं सांगा, पण मला सांगा." तिने फोटो मांडीवर ठेवला आणि पांघरूण बाजूला करून आखडलेला पाय हातांनी उचलून पलंगाखाली सोडला. दुखलं, तोंड वाकडं झालं, पण पाय तिने वर घेतला नाही. "आणि माझं तोंड या भिंतीकडून वळव बाई. पलंग फिरवा."

आई एका बाजूला लागली, गाळणी दुसऱ्या.